पेट्रोल नेमकं कुठं मुरतंय?

मंडळी, पेट्रोलच्या भावानं आधीच जीव मेटाकुटीला आलाय, त्यात माझी गाडी हल्ली जास्तच प्यायला लागलीय. दौंडजवळच्या आमच्या गावातून कुरकुंभला कंपनीत जायचं आन् यायचं, बास. तरी आठवडा संपायच्या आत काटा खाली.

माझा संशय पंपवाल्यावर. म्हणून मी शंभराचं कधीच टाकत नाही, एकशे सातचं टाकतो. गोल आकड्याला मशीन सेट केलेलं असतं, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात.

आज सुट्टी होती. मुद्दाम पंपावर गेलो आणि पाच लिटरचं माप मागितलं. तिथल्या माणसानं मुकाट माझ्यासमोर माप भरलं. बरोबर रेघेवर.

"आणखी कुणावर संशय हाय का?" त्यानं विचारलं.

तणतणत घरी आलो. वडील, म्हणजे आमचे आबा, शेवंतीवर औषध मारून नुकतेच आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "पंपवाले समदे चोर. मापात बी कायतरी केलं असंल."

एवढं बोलून ते चुळा भरायला लागले. जवळ गेलो तर तोंडाला पेट्रोलचा वास. आमचं फवारणीचं मशीन पेट्रोलवर चालतं. आणि गाडीतलं पेट्रोल नळीनं ओढायचं म्हणजे आधी तोंड लावावं लागतं.



आता तुम्हीच सांगा, गाडीची चावी ठेवावी कुठं? आईकडं दिली असती, पण शेवंतीचे पैसे तीच ठेवते.