ड्रायव्हरच्या घरची भाकरी

माझा थोरला भाऊ माधवनगरच्या गिरणीत मागावर उभा राहायचा, म्हणून मी सांगलीत राहून बी.ए. झालो. आमच्या घरात त्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. माझा निकाल लागला त्याच वर्षी, सत्तरच्या दशकात, भावाला अपघात झाला. सकाळच्या पाळीला सायकलीवरून निघालेल्या भावाला बेदाण्याच्या पेट्या घेऊन चाललेल्या ट्रकनं मागून धडक दिली. त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

ट्रकचा ड्रायव्हर तासगावकडचा होता. त्यानंच भावाला उचलून दवाखान्यात आणलं. पुढं भाऊ तिथं होता तोवर ड्रायव्हरची बायको रोज भाकरी करून द्यायची आणि तो स्वतः डबा घेऊन यायचा. पहिला डबा उशाशी ठेवून तो खाटेच्या पायथ्याशी रडत बसला, तेव्हा भाऊ म्हणाला, "गड्या, तुजी काय चूक न्हाई. माजंच नशीब."

साऱ्या वॉर्डानं ते ऐकलं. मलाही भावाचा अभिमान वाटला.

गिरणीनं त्याला परत घ्यायला नकार दिला. त्याच्या पदरात दोन मुली होत्या आणि माझी नोकरी अजून लागायची होती. मी एका वकिलांकडे गेलो. त्यांनी मला शाळेतल्या मास्तरांसारखं समजावलं. ट्रकचा विमा होता, पण विमा कंपनी दया म्हणून पैसे देत नाही. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच मालक जबाबदार ठरतो, आणि मग मालकाच्या वतीनं कंपनी भरते. चूक नाही तर भरपाई नाही. भरपाई मिळते ती दवाखान्याच्या खर्चाची, बुडालेल्या आणि पुढं बुडणाऱ्या पगाराची, शिवाय सोसलेल्या दुखण्याचीही.

हे मी घरी सांगितलं तेव्हा भाऊ बऱ्याच दिवसांनी हसला. "दुखण्याचं बी पैसं? मग आमच्या सासूबाई लय श्रीमंत हुतील."

पण ड्रायव्हरची चूक सांगावी लागेल म्हटल्यावर तो तयार होईना. ज्याच्या घरचं अन्न पोटात गेलं त्याच्या वाईटावर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वकिलांनी परोपरीनं सांगितलं की ड्रायव्हरच्या खिशातून काही जाणार नाही, त्याच्यावरचा फौजदारी खटला वेगळा आहे आणि त्याचा निकाल तिकडं लागेल. भावानं दाव्याच्या कागदावर सही केली, पण ड्रायव्हरची चूक सांगेन असं काही कबूल केलं नाही. साक्षीच्या दिवशी तो काय बोलणार, हे कोर्टाची पायरी चढतानाही मला ठाऊक नव्हतं.

कंपनीचे वकील आवाज न चढवता बोलणारे होते. कंपनीचं म्हणणं असं, की सायकलच एकाएकी ट्रकपुढं आली. त्यासाठी त्यांनी ड्रायव्हरलाही साक्षीला बोलावलं होतं. तो बाहेर बाकावर बसला होता आणि दार उघडंच होतं.

"दवाखान्यात तुम्ही ड्रायव्हरला काय म्हणालात?"

"तुजी चूक न्हाई म्हनलो."

आमच्या वकिलांनी डोळे मिटले.

"म्हणजे चूक तुमची होती?"

भावानं कुबडीवरचा हात बदलला. "साहेब, मानूस रडत हुता. त्याच्या घरची भाकरी माज्या उशाला हुती. तवा मी दुसरं काय म्हनायचं?"

वकील म्हणाले, हो किंवा नाही एवढंच सांगा. न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि स्वतःच विचारलं, की धडक बसली तेव्हा सायकल कुठं होती.

"डाव्या कडंला, मुरमावर."

"आणि ट्रक?"

भावानं दाराकडं पाहिलं. तिथून ड्रायव्हरचा बाक दिसत होता.

"डांबर सोडून खाली आला. हार्न न्हाई, ब्रेक न्हाई. चूक त्याचीच हुती."

दुपारच्या सुट्टीत ड्रायव्हर दवाखान्यात यायचा तसाच डबा घेऊन पुढं आला. भावानं डब्याला हात लावला नाही. "आदी ऐक. तुजी चूक हुती म्हनून सांगून आलोय."

ड्रायव्हर डब्याचं झाकण काढत म्हणाला, "ऐकलं. आदी भाकरी खा, गार हुतीया."

आम्ही तिघांनी पायरीवर बसून खाल्लं. सुट्टी संपता संपता कंपनीच्या वकिलांनी ड्रायव्हरला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिथं त्यांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मला दिसली ती ड्रायव्हरची नकारार्थी हलणारी मान. त्यानंतर त्यांनी त्याला पिंजऱ्यात उभं केलंच नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण लाकडी पाय आणि गावात पिठाची गिरणी घालण्यापुरतं मिळालं. गिरणी सुरू केली त्या दिवशी ड्रायव्हर बायकोला घेऊन आला. पहिलं दळण आमच्याच जोंधळ्याचं होतं. वहिनीनं त्याच पिठाच्या भाकरी थापल्या, आणि भावानं ड्रायव्हरच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढल्या.