रत्नमालाच्या कर्नलवरचं नाव

रत्नमाला मगरेचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. म्हणून आधीच सांगते, हे मी शांतपणे लिहिणार नाही. फुलंब्री रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल, आणि भिंतीपलीकडच्या संगणक लॅबमध्ये ती साहाय्यक. सहा वर्षं कंत्राटावर. यंदा तपासणी कमिटीच्या अहवालात तिच्या कामाची नोंद झाली की तिला कायम करायचं, असा शब्द विभागप्रमुख राजेंद्र सरांनी दिला होता.

सरांचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. दहावीनंतर वडील तिचं लग्न उरकायला निघाले, तेव्हा हेच सर गारखेड्यातल्या तिच्या घरी दोन तास ठाण मांडून बसले. विहारातली ओळख. "पोरगी शिकवायची नसेल तर बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर कशाला लावलाय?" असं त्यांनी विचारलं आणि वडिलांनी लग्नाचा विषय सोडला. डिप्लोमाचा फॉर्मही सरांनीच भरला. तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेला तिची आई गीताबाई सरांच्या घरी खिरीचा डबा पाठवते.

तर लॅब. तीस जुनी मशीनं, चालू करून चहा पिऊन यावं तरी पडदा काळाच. संस्थेनं ती भंगारात काढायचं ठरवलं. रत्नमाला म्हणाली, "मशीन म्हातारी नाय मॅडम, तिच्या अंगावर ओझं लई झालंय." मग तिनं मला कर्नल समजावला. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला मुकादम. कोणाला किती मेमरी द्यायची, मशीनच्या कोणत्या भागाशी बोलायचं, हे तो ठरवतो. तयार मिळणारा मुकादम जगातल्या सगळ्या मशीनांची कामं शिकून येतो, म्हणून जड असतो. ती त्याचा मूळ कोड उतरवून घेऊन फक्त आमच्या मशीनांपुरता नवा बांधणार होती.

कर्नल बांधण्याआधी हजारो प्रश्नांची यादी असते. हे हवं का, ते नको का. दोन महिने ती रोज डबा खाता खाता एकेका ओळीवर हो-नाही करत होती. मग बांधणी सुरू करायची. सकाळी अकराला लावली की चार वाजेपर्यंत पडद्यावर अक्षरं धावत राहायची. पहिल्यांदा बांधलेला कर्नल सुरूच झाला नाही. तिनं ओझं कमी करण्याच्या नादात हार्ड डिस्क ओळखणारा भागच गाळला होता! जुना कर्नल बाजूला जपून ठेवला होता म्हणून मशीन वाचलं. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी मशीन मिनिटाच्या आत उभं राहिलं आणि ती लायब्ररीत धावत आली. तिनं मला पडद्यावरची एक ओळ दाखवली. कर्नल कोणी बांधला, कोणत्या मशीनवर, कोणत्या दिवशी, हे त्यात आपोआप उमटतं. तिथं 'रत्नमाला' होतं. त्या ओळीचा तिनं मोबाइलवर फोटोसुद्धा काढला नाही. रोज दिसणारच होती ना!

तिसाव्या मशीनवर कर्नल बसला त्या दिवशी सर म्हणाले, "रत्ना, ती यादीची फाइल आणि पासवर्ड माझ्याकडं असू दे. उद्या तू आजारी पडलीस तर?" मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, दे, पण काय दिलं, कधी दिलं, ते एका कागदावर लिहून सही घे. ती माझ्यावरच उखडली. "सरांकडून पावती घेऊ का मॅडम? बापाकडून घेतं का कोणी?"

सोमवारी कमिटी आली. मी रजिस्टरं घेऊन दाराशी उभी होते. सरांनी एक मशीन सुरू केलं, मिनिटात उभं राहिलं, कमिटीतल्या बाई खूश. मग सरांनी ती ओळ पडद्यावर आणली. तिथं 'राजेंद्र' होतं. तारीख कालची, रविवारची. तिचीच यादी वापरून, फक्त बांधणाऱ्याचं नाव बदलून, त्यांनी कर्नल पुन्हा बांधला होता आणि तीसही मशीनांवर चढवला होता. सुट्टीचा दिवस सत्कारणी लावला माणसानं!

बाई रत्नमालाकडं वळल्या. "तुम्ही इथं काय करता?"

ती सरांकडं बघत राहिली. सर हसून म्हणाले, "केबल, साफसफाई, सगळं बघते. फार कष्टाळू मुलगी आहे." आणि मी? मी रजिस्टरं छातीशी धरून उभीच राहिले. पोटासाठी, दुसरं काही नाही.

अहवाल आला. लॅबची देखभाल विभागप्रमुख स्वतः करतात, सबब साहाय्यक पदाची गरज उरलेली नाही. म्हणजे कायम होणं राहिलं बाजूला, होती ती नोकरीही गेली. त्या संध्याकाळी मी तिला घरी सोडायला गेले. गीताबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "कमिटी चांगली झाली म्हणं. रविवारी सरायला जेवाया बोलाव."

रत्नमालानं सगळं सांगितलं. मीही सांगितलं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्हणून. गीताबाई ऐकत गेल्या आणि शेवटी मान हलवून म्हणाल्या, "त्यायनं तुला माणसात आणलं. ते कशाला असं करतील? तुझंच काही चुकलं असंल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रत्नमालानं माझा हात धरला.

"व्हय आई, चुकलं," ती म्हणाली. "बाईनं मला इचारलं, तवा मी सरायच्या तोंडाकडं बघत बसले. मला वाटलं, ते सांगतील."