म्हशीचा गूळ आणि माझी गाठ

आठवीत असताना माझ्या उजव्या स्तनाग्राखाली बोराएवढी गाठ आली. शर्ट घासला तरी दुखायची. माझा संशय थेट गोठ्याकडे गेला. आमच्या गावी, आंजीत, म्हैस नुकतीच व्याली होती आणि दूध वाढावं म्हणून माय तिला शिजवलेल्या सरकीत गूळ घालून द्यायची. त्यातला बराचसा गूळ, चिकटलेल्या सरकीसकट, माझ्याच पोटात जायचा. मग दूध कोणाला येणार? रोज आंघोळीला बसलो की गाठ दाबून थेंब येतो का, ते बघायचो. दाबून दाबून ती सुजली, तेव्हा मायनं पकडलं.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासलं. "या वयात बऱ्याच पोरांना होतं, आपोआप जातं. दाबत बसू नको. वाढत गेली किंवा पाणी आलं, तर दाखवायला ये."

इतकं सोपं? मायसमोर खरं सांगत नसावेत. माय पुढं गेली असं वाटून मी दारातून वळून विचारलं, "साहेब, सरकीनं तर नाई ना झालं?"

डॉक्टर हसले. दाराबाहेरच थांबलेली माय नाही हसली.

"तरीच म्हटलं, म्हैस दूध काऊन कमी देऊन राह्यली!"

गाठ पुढं कधी विरली, कळलंही नाही. माय मात्र म्हशीचं घमेलं रिकामं होईस्तोवर गोठ्यात उभी राहायची, माझ्याकडे बघत.