चार दिवसांनी परत या

चष्मेवाल्या काकांची आणि माझी पहिली भेट ही भेट नव्हती, दरोडा होता. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच काउंटरमागून एक हात आला, माझा चष्मा उतरवून घेऊन गेला आणि सारं जग धुक्यात बुडालं. धुक्यातून आवाज आला, "या दांडीवर कोणी झोपलं होतं का? बसा." स्टूल असेलच या भरवशावर मी बसलो. तासाभरानं उठलो तेव्हा काकांच्या गुडघ्यांपासून जावयाच्या रक्तदाबापर्यंत सगळं मला तोंडपाठ झालं होतं. निघताना ते म्हणाले, "चार दिवसांनी परत या. फ्रेम बसायला वेळ लागतो."

चौथ्या दिवशी दांडी डुगडुगायला लागली.

गल्लीत सगळ्यांचीच डुगडुगायची. वर्षापूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून काका स्क्रू शेवटचा अर्धा वेढा आवळतच नसत. गिऱ्हाईक परत येतं, बसतं, बोलतं. संसारात माणसं जोडण्याचं काम काकूंचं होतं, काकांनी फक्त काचा जोडल्या. काकू गेल्यावर साखरेचा डबा सापडायला त्यांना आठ दिवस लागले, आणि सापडला तो मिठाचा.

मुलीनं फोनवर बजावलं, "बाबा, सात किलो उतरलात. महिनाअखेरपर्यंत जेवणाखाण्याची, सोबतीची काहीतरी सोय बघा, नाहीतर दुकानाला मी स्वतः कुलूप लावणार आणि तुम्हाला इकडे आणणार."

दुकान सोडायचं म्हणजे काकांच्या जिवावर आलं. सोय म्हणून त्यांना एकच माणूस दिसत होतं: समोरच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका. बाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती आणि बाई दरवर्षी दोन वर्षांनी लहान दिसत होत्या. सकाळी पोहणं, दुपारी पत्ते, संध्याकाळी गाण्याचा क्लास. त्यांच्या चष्म्याला काकांनी चांगला दीड वेढा सैल ठेवला होता, तरी बाई फिरकेनात.

एकदा चष्म्याचं घर घ्यायला आल्या तेव्हा मी तिथेच होतो.

"बाई, दांडी हलत नाही?" काकांनी हळूच विचारलं.

"हलायची. मी पेचकस आणला. आता मैत्रिणींच्याही मीच आवळून देते. तुमच्या हातचे सगळेच कसे हो सैल?"

मी भिंतीवरची अक्षरं वाचू लागलो. काका म्हणाले, "खरं सांगू? एकटं बसवत नाही. आपण दोघं... एकत्र राहिलो तर?"

बाई हसल्या नाहीत. "माणूस चांगले आहात तुम्ही. पण अडतीस वर्षं मी एका माणसाचे मोजे शोधून दिले. आता पलंगावर आडवीतिडवी झोपते, फार बरं वाटतं."

"मोजे मी माझे शोधीन."

"आत्ता पायात आहेत ते एका जोडीचे आहेत?"

तिघांनीही खाली पाहिलं. नव्हते.

"बुधवारी पत्त्यांना या," बाई म्हणाल्या. "आम्ही सातजणी आहोत, आठवा भिडू हवाच आहे."

"सात बायकांत मी?"

"मग पुरुष कुठे जमतात ते सांगा, तिथे जा."

काकांनी बराच विचार केला. एकही ठिकाण आठवलं नाही.

बुधवारी ते गेले. आधी लाजेकाजेस्तव सातही चष्मे घट्ट आवळून दिले, मग सगळे डाव हरले आणि पोट धरून हसले. पुढच्या बुधवारीही गेले. मुलीला अभिमानानं कळवलं, "सोय झाली."

महिनाअखेर मुलगी आली. तिनं त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. आणखी एक किलो उतरलं होतं; पत्ते फक्त बुधवारी असत, जेवण रोज लागतं. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. हल्ली तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.