दहा बाय बाराचं आभाळ

आभाळाचा सातबारा स्वतःच्या नावावर असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे थोरले साडू. बदलापूरच्या कडेला खरवईत त्यांनी बंगला बांधला, तेव्हा आजूबाजूचे लोक जागेचा इंच न् इंच स्लॅबखाली घेत होते. यांनी मात्र घराच्या बरोबर मधोमध दहा बाय बारा फुटांचा चौक उघडा सोडला. वर छप्पर नाही, काच नाही, साधी जाळीसुद्धा नाही. चारही बाजूंच्या खोल्यांची दारं-खिडक्या त्या चौकात उघडत. जन्मभर कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून दुसऱ्यांच्या यंत्रांचे नकाशे काढलेल्या या माणसाने स्वतःसाठी काढलेला हा एकमेव नकाशा. गवंडी म्हणाला, "साहेब, मधे भोक राहिलंय." साडू म्हणाले, "राहिलेलं नाही. आधी ते भोक काढलंय, घर त्याच्याभोवती आहे."

त्या चौकाचे फायदे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगत. मे महिन्यात आमच्या अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये पंखा नुसती गरम हवा ढवळायचा. त्यांच्याकडे मात्र गरम हवा चौकातून वर निघून जाई आणि दारांतून गार झुळूक आत येई. हे नुसतं सांगून त्यांचं भागत नसे. ते उदबत्ती पेटवून चौकाच्या कडेला धरत आणि धूर कुठे जातो ते बघायला लावत. पाहुणा धूर बघे, चहा आत निवत असे. तोट्यांविषयी ते बोलत नसत, पण तोट्यांची सोय त्यांनी केलेली होती. पावसाळ्यात स्वयंपाकघरातून जेवणघरात आमटी चौक ओलांडून येई, म्हणून दाराशी दोन छत्र्या टांगलेल्या असत, एक माणसासाठी आणि एक पातेल्यासाठी. पातेल्याची मोठी. शेजारच्या गच्चीवरची चादर एकदा उडून चौकात पडली, तेव्हा त्यांनी ती घडी घालून, वर "आभाळातून प्राप्त" अशी चिठ्ठी लावून परत केली होती.

मी अंबरनाथच्या एका लहानशा वाचनालयात पस्तीस वर्षं काढली. लोकांना गप्प बसवणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे मीही गप्पच. साडूंना याचं कौतुक होतं. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "या, ग्रंथपाल!" म्हणत आणि मग दोन तास एकटेच बोलत.

त्या घराचा सर्वांत मोठा दोष होता आवाज. एका खोलीत कुजबुजलेलं चौकातून फिरून चारही खोल्यांत ऐकू येई. यावर त्यांनी एक नियम काढला होता. चौकात एक नळ होता. ज्याला खासगी बोलायचं असेल त्याने नळाखाली पत्र्याची बादली ठेवायची, नळ पूर्ण सोडायचा आणि मग बोलायचं. धार वाजत असताना कान देणं हा त्या घरात गुन्हा होता. पाणी नंतर झाडांना जाई. त्यांच्या मुलीचं लग्न दोन बादल्यांत ठरलं. शेजारणीला वाटे, या घरात कपडे फार धुतात.

गेल्या पावसाळ्यात ताई, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, चौकातल्या शेवाळावरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. रविवारी आम्ही भेटायला गेलो. जेवणं झाली. ताई आत जाऊन पडल्या, साडू पुढच्या खोलीत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवे झाले. बायकोने बादली ठेवली आणि नळ सोडला.

"भावोजींना कुणीतरी सांगायला हवं, बंद करा म्हणावं ते भोक."

"तू सांग की."

"मी धाकटी मेहुणी, मी काय सांगणार? तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

सांगायचं राहिलं बाजूला, मी बोलायला लागलो. धारेवरून ऐकू जावं म्हणून आवाज चढवून. "आभाळ बघायची एवढी हौस होती तर गच्चीवर खाट टाकायची! हे घर नाही, यांचं प्रदर्शन आहे, आणि ताई त्यातल्या हमाल. मनगटावर निभावलं. मान मोडली असती, तरी ताईंच्या फोटोला हार घालून, त्यावर उजेड कसा छान पडतो तेच यांनी पाहुण्यांना दाखवलं असतं."

बायको हसली. मी आयुष्यात फार कमी वेळा कुणाला हसवलं आहे, त्यामुळे मला चेव आला आणि मी आणखीही बरंच बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मधेच जाणवलं की आपला आवाज फार स्वच्छ ऐकू येतो आहे. तो नळ टाकीवर नव्हता, थेट बाहेरच्या लाइनीवर होता. पाणी केव्हाच गेलं होतं. बादली जेमतेम अर्धी भरली होती.

साडू वर्तमानपत्राची घडी घालत बाहेर आले. "ग्रंथपाल, नळ बंद करून ठेवा," ते म्हणाले, "पाणी आलं की उगाच वाहत राहील." आणि आत जाऊन त्यांनी स्वतः सगळ्यांचा चहा टाकला.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, "या, माप घ्यायला एक माणूस कमी आहे." उल्हासनगरहून पत्रे बसवणारा सिंधी कारागीर आला होता. तो वर बघून म्हणाला, "साईं, घर में अंधेरा हो जाएगा. बाद में मेरेको मत बोलना."

"नहीं बोलेंगे. आप लगाओ."

टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. मधे दहा फूट. "दादा, राहू द्या हे," एवढे चार शब्द बोलायचे होते. मी म्हणालो, "बरोबर दहा." हिरवा फायबरचा पत्रा बसला आणि सगळं घर विहिरीच्या तळाशी गेल्यासारखं झालं. तेव्हाही मी "छान झालं, सोय झाली" असंच म्हणालो. "हो, सोय झाली," ते म्हणाले. दोन्ही छत्र्या त्यांनी कामवाल्या बाईंना देऊन टाकल्या. पुढच्या खेपेला गेलो तर ते गच्चीवर होते. तिथे त्यांनी खरोखरच खाट टाकली होती. मला बघून सरकून जागा केली. त्या दिवशी बोलले मात्र फारसे नाहीत.

थंडी संपता संपता ते गेले, हृदयविकाराने, दोन दिवसांत. चौदावा झाल्यावर ताई आणि मी त्या हिरव्या उजेडात बसलो होतो. मी सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे. मी जागीच होते तेव्हा."

"फार राग आला होता का त्यांना?"

"राग? छे हो. संध्याकाळी मला म्हणाले, ग्रंथपाल कधी उगाच बोलत नाहीत. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा बोलले, म्हणजे खरंच असणार." ताई पुढे म्हणाल्या, "मी परोपरीनं सांगितलं, अहो, मी माझ्या चपलेनं घसरले, मला आवडतं हे असं उघडं. पण माझं काही त्यांना पटेना."

मी विचारलं, पत्रे काढायला माणूस बोलावू का.

"आता कशाला?" म्हणाल्या, आणि वर बघत राहिल्या. पत्र्यावर एक कबूतर उतरलं होतं. खालून त्याची फक्त पावलं दिसत होती, लहान, काळी. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मग परत आली, आणि आम्ही दोघं ती बघत बसलो.