किल्ली कोणाकोणाकडे आहे

बंदूक घेण्याआधी धर्मराज गजभियेने एक तक्ता केला होता. ऑफिसच्या प्रिंटरवर तो दोन पानांत निघाला. तीन ओळी होत्या: शॉटगन, मॅगझिनचं पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर. रकाने अकरा. वजन, लांबी, झटका, आवाज, गोळ्या किती, ऐनवेळी अडकण्याची शक्यता, भिंतीतून आरपार जाण्याची शक्यता, उपासनाला झेपेल का, दीक्षाच्या हाती लागू शकेल का, असे. प्रत्येक चौकटीत पाचपैकी गुण.

धर्मराज मूळचा नागपूरच्या इंदोऱ्याचा. १९९६ साली तो चौतीस वर्षांचा होता आणि अमेरिकेत मॉरिसव्हिलजवळच्या एका टेलिफोन यंत्रणांच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. बिघाड कुठे होऊ शकतो हे बिघाड होण्याआधी शोधून काढायचं, याचाच त्याला पगार मिळत होता. बायको उपासना रॅलेमध्ये एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. मुलगी दीक्षा चार वर्षांची.

त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये शंतनू आणि नेत्राच्या घरी चोरी झाली. दोघं दुपारी मित्राकडे जेवायला गेले होते. परत आले तर दार फोडलेलं. व्हीसीआर, कॅमकॉर्डर आणि नेत्राचं लग्नातलं सोनं गेलं होतं. देशी लोकांच्या घरी सोनं असतं हे आता चोरांनाही कळलंय, असं सगळे म्हणू लागले. बहुतेकांनी बँकेत लॉकर घेतले. धर्मराजनेही घेतला. पण लॉकरने सोनं वाचतं, चोर आला तेव्हा उपासना आणि दीक्षा घरात असल्या तर काय, या प्रश्नाचं उत्तर लॉकरमध्ये नव्हतं. त्याने तक्ता करायला घेतला.

हायवेवरच्या बंदुकांच्या दुकानात तो उपासनाला घेऊन गेला. वेन नावाच्या वयस्क दुकानदाराने दोन्ही पानं शांतपणे वाचली.

"मी तीस वर्षं हे दुकान चालवतोय," तो म्हणाला. "असा कागद घेऊन कोणी आलं नव्हतं."

मग त्याने तक्ता काउंटरवर पालथा ठेवला आणि स्वतःचे प्रश्न विचारले. घर कसं आहे? दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूम. पॅसेज किती रुंद? तीन फूट. मग शॉटगन लांब पडेल, वळवता येणार नाही. भिंती? जिप्सम बोर्डच्या. मग पलीकडे कोण झोपतं याचा आधी विचार करा. वेनने मॅगझिनचं रिकामं पिस्तूल उपासनासमोर ठेवलं. वरचा भाग ओढून बघा, म्हणाला. उपासनाने हात कोटाच्या खिशातून काढले नाहीत.

"मी हात लावणार नाही," ती धर्मराजला मराठीत म्हणाली. "तुम्हाला घ्यायचं ते घ्या."

वेनला भाषा कळली नाही, अर्थ कळला. त्याने पिस्तूल आत ठेवलं आणि अडतीस बोअरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर काढलं. यात लक्षात ठेवण्यासारखं काही नाही, म्हणून घाबरलेल्या माणसाला हे बरं, असं त्याने सांगितलं. तक्त्यातही रिव्हॉल्व्हरलाच सर्वांत जास्त गुण होते. धर्मराजला बरं वाटलं.

"शेवटचा प्रश्न," वेन म्हणाला. "घराची किल्ली कोणाकोणाकडे आहे?"

"आमच्या दोघांकडेच," धर्मराज म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. तिसरी किल्ली दोन वर्षांपासून समोरच्या इमारतीतल्या रमाबाई मेश्रामांकडे होती. रमाबाई काकू बासष्ट वर्षांच्या. मुलगा राकेश याच्याकडे नागपूरहून कायमच्या राहायला आलेल्या. दिवसभर दीक्षाला त्याच सांभाळायच्या. तिचं स्वेटर राहिलं, औषध राहिलं की किल्लीने दार उघडून घेऊन जायच्या. भाजी केली की डबा यांच्या फ्रिजमध्ये ठेवून जायच्या. बेल वाजवायची पद्धत नव्हती. त्यांच्याकडे किल्ली असणं म्हणजे ती 'कोणाकडे तरी' असणं, हे धर्मराजच्या मनातच आलं नाही. शेजारी उभ्या उपासनाच्याही आलं नाही.

परत येताना गाडीत दोघांचं वाजलं.

"दर रविवारी पहिलं शील काय म्हणतो आपण?" उपासनाने विचारलं. "प्राणिहिंसा करणार नाही."

"आणि नंतर घरी येऊन चिकन खातो."

"चिकन आपण मारत नाही."

"इथे तरी कोणाला मारायचंय? फक्त दाखवायचं आहे."

"दाखवायचंच आहे तर खेळण्यातली बंदूक घ्या ना."

काउंटीच्या शेरीफच्या ऑफिसातून परमिट यायला काही आठवडे लागले. एप्रिलच्या सुरुवातीला रिव्हॉल्व्हर घरी आलं. बेडरूमच्या कपाटात वरच्या फळीवर, चार आकडे दाबून उघडणाऱ्या पोलादी पेटीत. धर्मराजने सलग तीन शनिवार रेंजवर सराव केला. शिकवणाऱ्याने दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. आधी ओरडून विचारायचं, कोण आहे. आणि नेम धरला तरी बोट घोड्याच्या बाहेर, सरळ ठेवायचं. पलंगापासून पॅसेजच्या टोकापर्यंत पेटी उघडून पोचायला किती वेळ लागतो, हे धर्मराजने घड्याळ लावून मोजलं. अकरा सेकंद. नंतर नऊ.

तीन मे, शुक्रवार. वैशाख पौर्णिमा. सार्वजनिक कार्यक्रम रविवारी कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये ठेवला होता, पण काकूंसाठी पौर्णिमा ती पौर्णिमाच. त्यांनी सकाळी पांढरं लुगडं नेसून अष्टशील घेतलं. मग खीर केली आणि ओळखीच्या घरी पोचवायला निघाल्या. दीक्षा बरोबर होती.

धर्मराजला त्या दिवशी एकशे दोन ताप होता; दीक्षाला सोडताना घाईत उपासनाने ते काकूंना सांगितलं नव्हतं. त्याची गाडी गॅरेजमध्ये होती आणि उपासनाची गाडी उपासना घेऊन गेली होती. पार्किंगमधली यांची जागा रिकामी होती. काकूंनी ती पाहिली आणि घरी कोणी नाही असं धरलं.

सकाळी अकराच्या सुमाराला धर्मराजला कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. उपासना संध्याकाळशिवाय येत नसे. तो उठला, पेटी उघडली आणि पॅसेजच्या टोकाला जाऊन उभा राहिला. सरावात व्हायचं तसंच सगळं झालं. फक्त कोण आहे, असं त्याने विचारलं नाही.

दार उघडलं. आधी फडक्यात बांधलेलं पातेलं आत आलं, मग काकू. त्यांनी मान वर केली आणि त्या तिथेच थांबल्या. त्यांच्या कोपराखालून दीक्षा आत शिरली.

"डॅडी, इज दॅट अ टॉय?"

रिव्हॉल्व्हर अजून दाराकडे रोखलेलं होतं.

"हो बेटा," काकू म्हणाल्या. "बाबाचं खेळणं आहे. चाल, सँडल काढ पहिले." मग तशाच आवाजात, "बाबू, ते खाली कर."

त्याने हात खाली केला तेव्हा त्याला दिसलं, की बोट बाहेर नव्हतं. घोड्यावर होतं.

काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला, दुधाचा कॅन बाजूला सरकवून जागा केली आणि पातेलं आत ठेवलं. तेवढ्यात धर्मराजने रिव्हॉल्व्हर पेटीत बंद केलं आणि बाहेर आला.

"काकू, मला वाटलं..."

"ताप आहे का तुले?"

"हो."

"मग झोप."

दीक्षाला पुन्हा सँडल घालून त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"सकाळी अष्टशील घेतलं होतं मी. दुपारही झाली नाही अन् खोटं बोलली." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "पोरीले काय सांगू मग?"

त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून किल्लीने लावलं, नेहमीसारखं.

संध्याकाळी दीक्षाने आईला सांगितलं, डॅडी हॅज अ टॉय. कोणतं खेळणं, असं उपासनाने विचारलं. धर्मराज म्हणाला, कॅल्क्युलेटर असेल.

दुसऱ्या दिवशी अंगात कसकस असतानाच तो रिव्हॉल्व्हर वेनच्या दुकानात परत द्यायला गेला. वेनने गोळ्या नाहीत ना, हे दोनदा पाहिलं.

"जमलं नाही?"

"बायकोला आवडत नाही," धर्मराज म्हणाला.

"बऱ्याच जणांच्या बायकांना आवडत नाही," वेन म्हणाला आणि फॉर्म भरू लागला.

घरी त्याने उपासनाला सांगितलं, की तिचं म्हणणं पटलं म्हणून परत दिलं. उपासनाने त्याच्यासाठी चहा केला. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि आपलं म्हणणं यांना पटलं, असं तिला पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं.

रविवारी क्लबहाउसमध्ये तीसेक माणसं जमली. टेबलावर पांढरी चादर, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. काकूंनी वंदना सांगितली, सगळ्यांनी मागोमाग म्हटली. मुलं बाहेर खेळायला पळाली. जेवणाच्या प्लेट हातात आल्यावर उपासनाने बातमी फोडली.

"यांनी ती बंदूक परत दिली. स्वतःहून! बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी."

"यार, मग दारावर तसा बोर्ड लाव," शंतनू म्हणाला. "म्हणजे चोरांचा गैरसमज नको." सगळे हसले. नेत्राने नवऱ्याला गप्प केलं आणि म्हणाली, "नाही, खरंच मोठी गोष्ट आहे. आमच्याकडे चोरी झाली तेव्हा मलाही घ्यावीशी वाटली होती."

राकेशने प्लेट खाली ठेवून टाळी वाजवली. "हे सगळ्यांना कळलं पाहिजे. शील नुसतं म्हणायचं नसतं. धर्मराज, दोन शब्द बोल."

टाळ्या पडल्या. धर्मराज जमिनीकडे बघत होता.

"माझं तर हे कधी ऐकत नाहीत," उपासना काकूंकडे वळून म्हणाली. ती खुशीत होती. "काकू, तुमचं रोज घरी येणं-जाणं असतं. तुम्हीच काही बोलला असाल यांना. खरं सांगा."

काकूंच्या हातात वाटी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली. उत्तर द्यायला त्या तोंड उघडणार, हे धर्मराजला दिसलं. आपल्याला वाचवायला त्या काय सांगतील, हेही कळलं.

"काकूंना विचारू नको," तो म्हणाला. "मी सांगतो."

दोन मिनिटांत सगळं सांगून झालं. किल्लीचा आवाज आला, ओरडून विचारलं नाही, दार उघडलं, काकू होत्या, दीक्षा होती, बोट घोड्यावर होतं. दुकानात किल्लीबद्दल विचारलं तेव्हा काकू आठवल्या नाहीत, हे सांगितलं. कॅल्क्युलेटरचंही सांगितलं. एवढं बोलताना त्याने एकदाही उपासनाकडे पाहिलं नाही.

शंतनू प्लेटमधला भात बोटाने सरकवत राहिला. उपासना उठली आणि बाहेर दीक्षा खेळत होती तिकडे गेली. काचेच्या दारातून दिसत होतं, तिने मुलीला उचललं होतं आणि मुलगी खाली उतरायला धडपडत होती.

"चूक माझीच झाली बाबू," काकू म्हणाल्या. "मी बेल वाजवायला पाहिजे होती."

"नाही काकू. तुम्ही कशाला..."

"वाजवायला पाहिजे होती."

सोमवारी दुपारी धर्मराज अजून सुटीवर होता. बेल वाजली. त्याने दार उघडलं तर काकू दीक्षाचा हात धरून दारासमोर नाही, बाजूला, कठड्याला लागून उभ्या होत्या. दीक्षाचं स्वेटर हवं होतं. किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात होती, निळा दोरा बांधलेली. घरात आता काही नाही काकू, तुम्ही सरळ येत जा, असं त्याने सांगितलं.

"हो बाबू," त्या म्हणाल्या.

मंगळवारी परत बेल वाजली. धर्मराज दार उघडायला गेला. काकू कठड्याशीच होत्या.