कोंडाईबारीच्या घाटासाठी एक कार्ड

कोंडाईबारीच्या घाटात, तिसऱ्या वळणावर, बस गोठली. इंजिनाचा आवाज येत राहिला, चित्र मात्र जागच्या जागी थिजलं. दोन सेकंदांनी ते सुटलं तेव्हा बसचं तोंड कठड्यात होतं आणि पडद्यावर अक्षरं आली होती : प्रयत्न पहिला, अनुत्तीर्ण. सुकलाल बोरसे यांनी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर पुसले.

मागे मेथी निवडत बसलेल्या त्यांच्या पत्नी पुष्पाबाईंनी विचारलं, "गाडी पाडी का?"

"मी नही पाडी. हाऊ डबाच अटकना."

डबा म्हणजे कॉम्प्युटर. तो त्यांच्या मुलाचा, योगेंद्रचा. एम्ब्रॉयडरीची डिझाइनं करायला घेतलेला. लग्नानंतर योगेंद्र उधन्याला राहायला गेला, नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना सुरतेतल्या बमरोलीच्या या दोन खोल्यांत राहिला. सुकलाल त्यावर बस चालवतात. खेळातली बस, पण रस्ता ओळखीचा. खान्देशातल्या काही हौशी मुलामुलींनी नवापूर ते धुळे हा रस्ता खेळात हुबेहूब उतरवला आहे. विसरवाडी आहे, दहिवेलच्या चहाच्या टपऱ्या आहेत, आणि मध्ये घाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी. हीच झाडी जुन्या कॉम्प्युटरला पेलत नव्हती.

सुकलाल छप्पन वर्षांचे आहेत. मूळचे साक्री तालुक्यातले, चौतीस वर्षं सुरतेत. गावी जायचं तर हाच घाट. प्रत्येक वेळी ते ड्रायव्हरच्या मागची सीट धरतात, ती मिळाली नाही तर पुढची गाडी बघतात. कुठल्या वळणावर गिअर पडतो, कुठे हॉर्न द्यायचा, हे त्यांना पाठ आहे. घाट त्यांनी शेकडो वेळा पाहिला. चालवला एकदाही नाही.

एकोणीसशे एक्याण्णवमध्ये ते धुळ्याला एसटीच्या भरतीला गेले होते. हातात अवजड वाहनाचं लायसन होतं. ट्रायल चांगली झाली. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं आणि विचारलं, यात कोणता आकडा दिसतो? सुकलालना ठिपके दिसत होते. डॉक्टरांनी पान उलटलं. ठिपके. आणखी एक पान, पुन्हा ठिपकेच. मागे रांगेत उभा असलेला मुलगा लांबूनच आकडे वाचत होता. लाल आणि हिरवा हे दोन रंग सुकलालना वेगळे दिसत नाहीत, हे त्या दिवशी त्यांना कळलं. तोवर त्यांना वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं.

त्याच महिन्यात ते सुरतेला आले आणि एका कारखान्यात ग्रे कापड तपासायला लागले. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, अजून रंग न चढलेलं कापड. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट. त्यावरून कापड ओढत न्यायचं, दोष दिसला की खडूची खूण करायची. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली पट्टी. शंभर मीटरचा एक ताका, असे दिवसाला वीस-पंचवीस. त्यांच्या हाताखालून गेलेला ताका व्यापारी पुन्हा उघडून बघत नाहीत. नवीन माणसाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात. दोष ठरावीक अंतरावर परत परत येत असेल तर तो मशिनचा. कुठेही, कसाही येत असेल तर सुताचा.

मालकांनी त्यांना दोनदा रंगीत कापडाच्या तपासणीवर बोलावलं. तिथे पगार जास्त. दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. केमिकलच्या वासाने डोकं दुखतं, असं सांगितलं. खरं कारण फक्त पुष्पाबाईंना माहीत आहे. घरात रंगाचं खातं त्यांच्याकडे असतं. टोमॅटो पिकलेला आहे की नाही हे त्या सांगतात, शर्टाचा कपडा त्या निवडतात. याबद्दल दोघांत चर्चा होत नाही.

ज्या मुलामुलींनी रस्ता बनवला त्यांनी इंटरनेटवर एक आगारही काढलं आहे. त्यात ड्रायव्हर व्हायला परीक्षा असते. नवापूरहून धुळ्यापर्यंत बस न्यायची. अपघात नको, सिग्नल तोडायचा नाही, ठरलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटांहून जास्त उशीर नको. पास झालं की बिल्ला नंबर मिळतो. डोळ्यांची तपासणी नाही. एकूण दोन संधी, आणि सुकलालची एक कठड्यात गेली होती. दुसरी रविवारी दुपारी दोन वाजता. त्यानंतर भरती बंद. हातात पाच दिवस होते.

योगेंद्रने फोनवर सांगितलं, "ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल, पप्पा. चित्र काढायचं काम वेगळं कार्ड करतं, मग अडकत नाही. पण नवं महाग जाईल. जुनं बघा."

शुक्रवारी अर्धी सुटी घेऊन सुकलाल कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. बरोबर मोबाइलमध्ये डब्याच्या पोटातला फोटो होता आणि खिशात कापडाची किनार, कार्डासाठी आत जागा किती ते मोजून गाठ मारलेली. आठ हजारांपर्यंत जायचं, असं घरातून निघतानाच ठरलं होतं.

कॉम्प्युटरचे जुने-नवे भाग विकणाऱ्या परागचं दुकान तिथे एका जिन्याखाली आहे. वडील बँकेत होते, मूळचे साताऱ्याकडचे. पराग सुरतेतच जन्मला, वाढला. त्याची मराठी घरी शिकलेली आणि गिऱ्हाइकांत वापरलेली आहे, मध्येमध्ये गुजराती मिसळलेली.

"बेसो काका. कोणत्या गेमसाठी पाहिजे?"

"बस."

"बस म्हणजे?"

"बस चालवायची. एसटी."

परागने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग फोटो पाहिला. पॉवर सप्लाय किती वॉटचा, जादा वायर आहे का, हे तपासलं आणि काउंटरवर तीन कार्डं मांडली. एक नवं, छोटं, एका पंख्याचं, बजेटच्या बाहेर. एक वापरलेलं, दोन पंख्यांचं, साडेसहा हजार. तिसरंही वापरलेलं, तीन पंख्यांचं, लांबलचक, साडेसात हजार.

सुकलालनी तिन्ही एकेक करून तळहातावर घेतली आणि किंचित वर-खाली केली. चौतीस वर्षांची सवय. कापड हातात घेतलं की वजन सांगतं माल कसा आहे. तिसरं कार्ड सगळ्यात जड होतं.

"हे द्या."

पराग हसला. "काका, साडी नाय घेत आपण. वजन तर पत्र्याचं असते. आत काय आहे ते जोवाचं."

"आत काय आहे?"

"आत पण चांगलं आहे, तेची ना नथी. मेमरी डबल. पण हे जुन्या पिढीचं, वीज खाते. तुमच्या सप्लायवर चालेल, पण जरा टाइट."

सुकलालनी खिशातली किनार काढून लावली. गाठीच्या आत कार्ड बसत होतं, बोटभर जागा उरत होती. वजन, जागा, मेमरी डबल. त्यांचं ठरलं होतं. ते एवढंच म्हणाले, "चालवून दाखवा."

परागने ते कार्ड दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं आणि सुकलालनी सांगितलेला खेळ आणि रस्ता इंटरनेटवरून उतरवून घेतला. यात अर्धा तास गेला. मग बस विसरवाडीतून निघाली आणि घाटाला लागली. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. कुठेच अडकली नाही. झाडं पानापानाने दिसत होती.

"जोवो काका! काय मस्त. डोंगर बघा, कसला हिरवागार!"

सुकलाल डोंगराकडे बघत नव्हते. त्यांनी बस कडेला घेतली, ब्रेक लावला आणि मान पुढे काढली.

"इथं डाग आहेत."

"कुठे?"

"इथं. इथं. आणि इथं." पडद्यापासून दोन बोटं लांब ते जागा दाखवत गेले. चार बोटांचं अंतर, पुन्हा चार बोटं, ओळीने.

परागने चष्मा पुसून पाहिलं. शेजारच्या दुकानातून झेरॉक्सवाल्या अपर्णाबेनना बोलावलं. त्यांनाही काही दिसलं नाही. "झाडं आहेत, काका," त्या म्हणाल्या. "झाडांत ठिपके असतातच."

"झाडाचे ठिपके वेडेवाकडे असतात. हे सरळ रांगेत आहेत. तुमच्याकडे कोरं कापड आहे का?"

"कापड?"

"म्हणजे पडद्यावर. काहीच नसलेलं. फक्त राखाडी."

परागने पूर्ण पडदाभर राखाडी रंग भरला. आता त्यालाही दिसलं, पण नाक लावल्यावर. बारीक, फिकट ठिपके, आडव्या-उभ्या ओळींत, मोजून लावल्यासारखे.

"सुताचा दोष नाही हा," सुकलाल म्हणाले. "मशिनचा आहे."

परागने मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावला. कार्ड तापू लागलं तशी चुकांची यादी पडद्यावरून खाली धावायला लागली. त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "गेल्या आठवड्यात घेतलं मी हे. दोन तास चालवून घेतलं, काका. दोन तास! महिनाभरात बंद पडलं असतं तुमच्याकडे." मग विचारलं, "पण मला का नाय दिसलं?"

सुकलालनी बाहेर बघितलं. अपर्णाबेन त्यांच्या दुकानात परत गेल्या होत्या.

"तुमचा जीव रंगात अडकतो," ते म्हणाले. "मला लाल-हिरवं कळत नाही. म्हणून मी नुसतं कापड बघतो."

पुष्पाबाईंखेरीज दुसऱ्या कुणाला त्यांनी हे पहिल्यांदाच सांगितलं. परागला ते माहीत असायचं कारण नव्हतं. तो व्यवहारी प्रश्नावर आला.

"एटले... सिग्नलला काय करता?"

"वरचा लागला की थांबायचं. खालचा लागला की निघायचं."

"आणि आडवा सिग्नल आला तर?"

"पुढचा थांबला की थांबायचं."

"आणि पुढे कोणी नसेल तर?"

"सुरतेत?"

पराग इतक्या जोरात हसला की जिन्यावरून जाणारा एक माणूस वाकून आत बघून गेला.

मग त्याने दोन पंख्यांचं कार्ड लावलं. सुकलालनी आधी राखाडी पडदा मागितला आणि वीस मिनिटं, कार्ड चांगलं तापेपर्यंत, पापणी न हलवता त्याच्याकडे पाहिलं. काही नाही. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. काही नाही. मग घाट. तिसऱ्या वळणावर चित्र किंचित अडखळल्यासारखं झालं, पण थांबलं नाही. परागने झाडीची बारकाई एक पायरी कमी करून दिली, तेही गेलं.

"आता हे जड नाय, काका. चालेल?"

"चालेल. ताका स्वच्छ आहे."

परागने पाचशे कमी केले. सुकलाल नको म्हणाले. "तपासणीचे," पराग म्हणाला, आणि बिल करता करता खालच्या कप्प्यातून आणखी चार जुनी कार्डं वर काढून ठेवली. "घाई नसेल तर हे पण जोई लो ने." सुकलालना घाई होती, पण ते बसले. चारांतलं एक त्यांनी डागाळलेलं म्हणून बाजूला काढलं.

रविवारी दुपारी योगेंद्र येऊन कार्ड बसवून गेला. दोनला पाच मिनिटं कमी असताना पडद्याच्या कोपऱ्यात परीक्षकाचं नाव आलं : रश्मी. साक्रीची मुलगी, नाशकात इंजिनिअरिंगला. तिचा आवाज स्पीकरमधून आला, "दादा, तयार आहात का?"

"दादा!" मागून पुष्पाबाई पुटपुटल्या. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढून सुकलालच्या उजव्या खांद्यामागे घेतली होती. बसमध्ये त्या तिथेच बसतात, खिडकीशी.

नवापूरहून बस वेळेवर निघाली. विसरवाडीपर्यंत काही घडलं नाही. घाट लागला तसा सुकलालनी गिअर खाली घेतला आणि पहिल्या वळणावर हॉर्न दिला. परीक्षेच्या नियमांत हॉर्न नव्हता. दुसऱ्या वळणावर दिला. तिसऱ्या वळणावर त्यांनी वेग इतका कमी केला की मागून आलेला ट्रक दिवे मारायला लागला. बस वळली. चित्र वळलं. कठडा डाव्या बाजूने शांतपणे मागे गेला.

"धीरे चालाडा," पुष्पाबाई म्हणाल्या.

"धीरेच चाली ऱ्हायनी."

"दहिवेलले थांबा. चहा पिऊत."

दहिवेलला थांबणं परीक्षेत नव्हतं. तरीही बस टपऱ्यांसमोर कडेला उभी राहिली. सुकलालनी इंजिन बंद केलं, तीन मिनिटं थांबले, पुन्हा सुरू केलं. स्पीकरमधून रश्मीचा आवाज आला, "दादा, काही अडचण आहे का? कॉम्प्युटर अडकला का?"

"नाही ताई. चहाला थांबलो."

पलीकडे कुणीतरी दुसरंच हसलेलं ऐकू आलं.

धुळ्यात शिरताना तीन सिग्नल होते. तिन्ही उभे. तिथे वरचा लागला, थांबले. खालचा लागला, निघाले. बस आगारात लागली तेव्हा आठ मिनिटं उशीर झाला होता.

"दहाच्या आत आहे," रश्मी म्हणाली. "पास आहात. पण इतके हॉर्न का दिलेत?"

"समोरून गाडी येते त्या वळणांवर."

"खेळात येत नाही, दादा. आम्ही ठेवलीच नाहीये."

"ठेवा," सुकलाल म्हणाले. "येते."

तिने ते लिहून घेतलं असावं, कारण कीबोर्डचा आवाज आला. मग पडद्यावर बिल्ला उमटला. नंबर एकशे सतरा, खाली एस. बी. बोरसे. त्याखाली एक रिकामी चौकट होती आणि विचारलं होतं, बसचा रंग कोणता? समोर बारा चौकोन होते. सुकलालना त्यांतले काही वेगळे दिसत होते, काही सारखेच.

त्यांनी माउसवरचा हात काढला आणि डावीकडे थोडं सरकून पुष्पाबाईंना पडदा दिसेल असं केलं.

पुष्पाबाईंनी वाकून पाहिलं आणि दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हाई," त्या म्हणाल्या. "आपली लाल."